हेडर स्प्लिटर की इंटर्नल हब? कॅबिनेटच्या आतल्या यूएसबीचा हिशेब

नवा पीसी असेंबल करताना यूएसबीची टंचाई बाहेर नाही, आत जाणवते. मागे सहा-आठ पोर्ट रिकामे पडलेले असतात, पण मदरबोर्डवर यूएसबी २.० चे हेडर (आतल्या वायरी लावायचे पिनांचे संच) बहुधा दोनच, आणि लहान आकाराचा मिनी-आयटीएक्स बोर्ड घेतला तर अनेकदा एकच. मागणारे मात्र बरेच: लिक्विड कूलरचा पंप, रंगीत दिव्यांचा आरजीबी कंट्रोलर, फॅन कंट्रोलर, वाय-फाय कार्डावरचं ब्लूटूथ, शिवाय कॅबिनेटच्या पुढच्या पॅनलची वायर. ब्लूटूथचं तर पुष्कळांना शेवटपर्यंत लक्षात येत नाही. वाय-फाय पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून चालतं, पण त्याच कार्डावरच्या ब्लूटूथला यूएसबीची वेगळी वायर लागते.

मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत विचारा नाहीतर ऑनलाइन शोधा, दोन वस्तू समोर येतात. एक हेडर स्प्लिटर, दुसरा इंटर्नल हब. दोन्हींवर ‘एकाचे दोन’ किंवा ‘एकाचे चार’ असं लिहिलेलं असतं आणि फोटोतही दोन्ही भावंडंच वाटतात. काम मात्र अगदी वेगळं.

आधी हेडर नीट बघू. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यातली कोपऱ्यातली एक पिन गाळलेली, म्हणून एकूण ९. प्रत्येक ओळीत क्रमाने ५ व्होल्ट, डेटा मायनस, डेटा प्लस आणि ग्राउंड. म्हणजे एक ओळ हा एक पूर्ण यूएसबी पोर्ट, आणि एका हेडरवर असे दोन पोर्ट शेजारी-शेजारी बसलेले. (क्रमाने नववी पिन ती गाळलेली, आणि तिच्याशेजारची दहावी असते पण कुठेच जोडलेली नसते.) आता कूलरची वायर हातात घेऊन तिचं टोक बघा. प्लॅस्टिकचा कनेक्टर ९ पिनांचा असतो, पण आत चारच तारा, त्याही एकाच ओळीत. कूलरला पोर्ट एकच लागतो, पण त्याचा कनेक्टर अख्ख्या हेडरवर ठाण मांडून बसतो. दुसरा पोर्ट जिवंत असूनही फुकट जातो.

चांगला स्प्लिटर हा फुकट गेलेला पोर्ट सोडवून देतो. एका फाट्याला वरची ओळ, दुसऱ्या फाट्याला खालची. त्यात ना चिप असते, ना वेगळी वीज. तो नवीन पोर्ट तयार करत नाही, आहे तोच वापरात आणतो. म्हणून त्याची मर्यादाही पक्की: एका हेडरवर दोन उपकरणं, तिसरं नाही. आणि दोन्ही उपकरणं एकेका ओळीवर भागवणारी हवीत. पुढच्या पॅनलला दोन यूएसबी २.० पोर्ट असतील तर त्याला दोन्ही ओळी लागतात. तो स्प्लिटरच्या एका फाट्यावर लावला की एकच पोर्ट चालेल. आणखी एक बारकावा: स्प्लिटरच्या ज्या ओळीत तारा आहेत त्याच ओळीत उपकरणाच्याही असायला हव्यात, नाहीतर सगळं व्यवस्थित बसलेलं दिसेल आणि चालणार काहीच नाही.

खरी भानगड वाईट स्प्लिटरची. याच नावाने अशी केबल सर्रास विकली जाते जिच्या दोन्ही फाट्यांना आठही तारा नेलेल्या असतात, म्हणजे हेडरच्या सगळ्या पिना दोन्हीकडे समांतर जोडलेल्या. पंख्याच्या वाय-केबलला हे चालतं, कारण तिथे फक्त वीज वाटायची असते. यूएसबीला चालत नाही. नवं उपकरण जोडलं की सुरुवातीला त्याचा पत्ता शून्य असतो. संगणक शून्य पत्त्यावर विचारतो, उपकरण उत्तर देतं, मग त्याला १ ते १२७ मधला स्वतःचा पत्ता मिळतो. एकाच तारेवर दोन उपकरणं असली तर शून्याला दोघंही एकदम उत्तर देतात आणि दोघांचे सिग्नल एकमेकांवर आदळतात. मग विंडोज ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दाखवतं, किंवा कूलर आज दिसतो आणि उद्या रीस्टार्टनंतर गायब होतो. गंमत म्हणजे अशा केबलला एकच उपकरण लावलं तर ती बिनतक्रार चालते. पाच स्टार देणाऱ्या कित्येकांनी दुसरा फाटा कधी वापरलेलाच नसेल, असा माझा दाट संशय आहे.

ओळखायचं कसं? तारा मोजा. प्रत्येक फाट्यात चार किंवा पाच तारा असतील तर ठीक. दोन्हीकडे आठ-नऊ असतील आणि मध्ये सर्किट बोर्ड नसेल, तर ती परत करा. तारा जाळीत झाकल्या असतील तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि इनपुटची डेटाची एक पिन धरून दोन्ही फाटे तपासा. दोन्हीकडे बीप आला तर केबल समांतर आहे. ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर ही परीक्षा करू नका, ते दोन्हीकडे जोडलेले असले तरी काही बिघडत नाही.

हबमध्ये चिप असते, आणि सगळा फरक तिथेच आहे. हब एकेक पोर्ट आळीपाळीने उघडतो, त्यामुळे शून्य पत्त्यावर एका वेळी एकच उपकरण ऐकत असतं. प्रत्येकाला वेगळा पत्ता मिळाला की पुढे गोंधळ नाही. म्हणजे एका पोर्टाचे खरोखर चार होतात. ४८० मेगाबिटचा वेग सगळ्यांत वाटला जातो, पण पंप आणि दिव्यांचे कंट्रोलर त्यातला चिमूटभरच वापरतात, त्याची काळजी नको. काळजी विजेची करावी. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो. हबला वेगळी वीज नसेल तर नियमानुसार त्यातले १०० स्वतः हबचे आणि उरलेल्या चार पोर्टांना प्रत्येकी १०० फक्त. म्हणून चांगल्या इंटर्नल हबला एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) येणारी साटा किंवा मोलेक्स कनेक्टरची विजेची वायर लावायची सोय असते. एनझेडएक्सटीसारख्या कंपन्यांचे हब याच प्रकारचे. सोय असेल तर ती वायर लावाच. पुष्कळजण ती पिशवीतच ठेवून देतात.

या विजेची एक दुसरी बाजू आहे. पीसी बंद असताना मदरबोर्ड आपल्या यूएसबीला स्टँडबायची ५ व्होल्ट चालू ठेवू शकतो, पण मोलेक्सची लाइन पूर्ण बंद होते. त्यामुळे हबमागच्या ब्लूटूथवर जोडलेल्या कीबोर्डाने झोपलेला पीसी जागा होईलच असं नाही. ब्लूटूथ शक्यतो थेट बोर्डावर ठेवावं, आणि दिव्यांचा लवाजमा हबमागे न्यावा. पंपही मी हबमागे टाकत नाही. हब अडला तर पंप थांबत नाही, पण तापमानाचं वाचन जातं.

एकपोर्टी दोन उपकरणं असतील तर मी बिनधास्त स्प्लिटर घेईन, पण तारा मोजूनच. तीन किंवा जास्त असतील, किंवा एखादं पुढच्या पॅनलसारखं दोन्ही ओळी मागणारं असेल, तर हब. घरात आधीच स्प्लिटर पडलेला असेल तर तो हबच्या हेडरवरही लावता येतो, मात्र त्या हेडरच्या दोन्ही ओळी हबने खरोखर जोडलेल्या असतील तरच. काही हब प्रत्येक हेडरवर एकच ओळ देतात.

हब बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. खऱ्या हबची यादीत एक वेगळी फांदी दिसते आणि तिच्याखाली आपली उपकरणं. स्प्लिटरची अशी फांदी कधीच दिसणार नाही. आणि उपकरणं मधेच तुटू लागली तर दोष दरवेळी या वस्तूंचाच नसतो. २०२१ मध्ये एएमडीने आपल्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटत असल्याचं मान्य केलं होतं आणि त्यावर बायोसचा (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट आणला होता. त्या पिढीचा बोर्ड असेल तर हब बदलण्याआधी बायोसची आवृत्ती बघावी.

दोन्ही विकत घेण्याआधी बोर्डावरचा १९ पिनांचा यूएसबी ३.० हेडर रिकामा आहे का ते पाहा. त्याच्या पोटात यूएसबी २.० च्या दोन जोड्या असतातच. १९ पिनांवरून ९ पिनांवर उतरणारा छोटा कन्व्हर्टर लावला की पूर्ण दोन पोर्टांचा हेडर मिळतो, चिपशिवाय. उलटा कन्व्हर्टरही मिळतो, ९ वरून १९ वर जाणारा. त्याने पुढच्या पॅनलवरचे निळे यूएसबी ३.० पोर्ट चालू होतात, पण वेग ४८० मेगाबिटचाच राहतो.