पळवून नाही, बोलावून नेतात

‘सीमेपलीकडे विकल्या जाणाऱ्या मुली गुंगीचं औषध देऊन, गाडीत कोंबून पळवलेल्या असतात.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, पण त्यामुळे लक्ष फक्त अनोळखी माणसावर राहतं.

अपहरणं होतात, नाही असं नाही. पण पुष्कळदा मुलगी स्वतःच्या पायांनी घर सोडते. नेपाळ-भारत सीमा घ्या. १९५० च्या करारापासून इथे दोन्हीकडच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. घरात सावकाराचं देणं, आणि ओळखीतलीच बाई म्हणते, ‘मुंबईत काम आहे.’ प्रवासखर्च तीच करते. सोनौलीच्या सीमानाक्यावर दोघी मावशी-भाची म्हणून चालत अलीकडे येतात. मुक्कामी पोचल्यावर तोच खर्च मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढतो.

मग ती राजीखुशीनं गेली म्हणायचं का? अजिबात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ काढून वाचा. मानवी तस्करी ठरवताना पीडितेची संमती गौण आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

आपल्याकडून कुणी आखातात कामाला निघालं, तर एजंटचा परवाना सरकारी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. व्हिसाही नीट बघा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही.