माशाचा पर उगवणं आणि माशाची जखम भरणं

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने माशाचा कापलेला पर लवकर उगवला, म्हणजे ती जखमेवर गुणकारी’ अशी वाक्यं हल्ली बरीच फिरतात. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत हळद, कोरफड, दगडी पाला पिढ्यानपिढ्या जखमेवर लावले जातात, म्हणून ती पटकन पटतातही. मला आधी एवढंच विचारावंसं वाटतं: पर कापला होता, की कातडीला जखम केली होती? मासा बहुतेक वेळा एकच, झेब्राफिश नावाचा छोटा पट्टेरी मासा. प्रश्न मात्र दोन.

पर कापला की साधारण दिवसभरात टोकावर पेशींचं आवरण चढतं. मग त्याखाली भराभर वाढणाऱ्या पेशींचा पुंजका जमतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. त्यातून हाडाच्या काड्या, रक्तवाहिन्या, नसा, पट्ट्यांचे रंगसुद्धा नव्याने घडतात. २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पूर्ण वाढलेल्या माशाचा पर दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतो. पाण्याचं तापमान बदललं तरी हा वेग बदलतो, मग श्रेय अर्काला की पाण्याला? अवयव असा नव्याने उगवणं म्हणजे पुनर्जनन. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी पालीच्या शेपटीवर याच विषयाचं दीर्घ काम केलं आहे. पालीची नवी शेपटी मात्र हुबेहूब नसते, मणक्यांच्या जागी कूर्चेची नळी येते. आपल्याला तर तेवढंही जमत नाही. आपली खोल जखम व्रण ठेवून भरते.

माशाच्या कुशीवर कातडीला जखम केली तर गोष्ट आपल्या जवळ येते. दाह होतो, मग नव्या रक्तवाहिन्यांनी भरलेली कोवळी पेशीजाळी तयार होते आणि नंतर ती ओसरते. व्रण फारसा राहत नाही. पण एक फरक मोठा आहे. माशाच्या त्वचेचा अगदी वरचा थरही जिवंत पेशींचा, बुळबुळीत असतो. तो रक्त गोठायची वाट न बघता काही तासांत जखमेवर सरकतो. आपल्याकडे आधी रक्त गोठतं, खपली धरते आणि नवी त्वचा तिच्याखालून वाट काढते. म्हणून ‘जखम लवकर मिटली’ या मोजमापाला मी फार किंमत देत नाही. दाह कधी उतरला, नव्या वाहिन्या कशा आल्या, हे पाहणाऱ्या प्रयोगाकडे मी जास्त लक्ष देतो.

खरी गुंतागुंत अर्कात आहे. हळदीचा लेप बोटावर लागतो. माशाच्या प्रयोगात औषध बहुधा पाण्यात मिसळतात, म्हणजे ते कल्ल्यांतून आणि त्वचेतून सगळ्या शरीरात जातं. हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे वेगळा द्रावक लागतो, आणि त्या द्रावकात ठेवलेले पण अर्क न दिलेले मासे तुलनेला हवेतच. शिवाय सूक्ष्मदर्शकाच्या विशिष्ट प्रकाशात कर्क्युमिन स्वतःच चमकतं, त्यामुळे चमकती खूण दिलेल्या पेशी मोजताना नजर फसू शकते. मात्रा वाढली तर माशांचे भ्रूण मरतात.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जखम होताच तिच्या कडेच्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि त्या खुणेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. झेब्राफिशच्या पिल्लांत हे २००९ साली दिसलं. पर पुन्हा उगवायलाही अशा रेणूंची गरज असते. अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे रेणू निष्प्रभ करणारा, अर्क ही खूण पुसू शकतो. मग ‘दाह कमी झाला’ आणि ‘पर खुंटला’ ही दोन्ही निरीक्षणं एकाच अर्काची असू शकतात, आणि पहिलं तेवढं सांगितलं तर वाचणारा फसतो.

माशावर चाचणी करणं मला योग्यच वाटतं. पिल्लं पारदर्शक असल्याने जिवंत जखमेत काय चाललंय ते दिसतं, आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये जोड सापडते. अनेक अर्कांतून थोडे निवडायला हे पुरेसं आहे. त्या निवडलेल्यांची पुढची परीक्षा डुकराच्या त्वचेवर व्हावी. उंदराची सैल कातडी बरीचशी आक्रसून मिटते, डुकराची मात्र आपल्यासारखी, कडेने नवी त्वचा सरकत सरकत भरते. मधुमेही माणसाच्या पायावरची जखम हा त्याही पुढचा टप्पा आहे. तोवर अशा जखमेला डॉक्टरांचीच देखरेख हवी.