पार्श्वभूमी: अनुमापनाच्या सुरुवातीला सामू १.०० की १.१०?

अनुमापन म्हणजे ज्ञात तीव्रतेचं द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्या द्रावणातला पदार्थ किती ते काढणं. शंकुपात्रात ०.१००० मोलर (लिटरला ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल २५.०० मिली, ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या नळीत, तेवढ्याच मोलॅरिटीचं सोडियम हायड्रॉक्साइड. एक थेंबही पडण्याआधीचा सामू (पीएच, द्रावण किती आम्लधर्मी याचं माप) वहीत १.०० येतो. नीट कॅलिब्रेट केलेलं मीटर त्याच द्रावणात बुडवलं, तर ते १.१० च्या जवळपास स्थिरावतं. मीटर बिघडलेलं नसतं आणि गणितही चुकलेलं नसतं. दोघं सामूच्या दोन वेगळ्या व्याख्या पाळतात, आणि त्या व्याख्यांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर आहे.

ब्युरेट सामूपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनं. अनुमापन वाढलं ते कापड विरंजन आणि पोटॅश-सोड्याच्या व्यापारात. तिथे प्रश्न एवढाच असायचा, की मालात आम्लारी किती. १८७७ च्या सुमारास फिनॉल्फ्थॅलिन आणि लगेच पुढे मिथिल ऑरेंज दर्शक म्हणून आलं, तरी रंग बदलला की वाचन घ्यायचं आणि गुणाकार करायचा, एवढंच काम होतं. मधल्या प्रत्येक थेंबाला द्रावणात काय चाललंय, हे कुणाला लागत नव्हतं.

ते पहिल्यांदा दिसलं १८९० च्या दशकात. प्लॅटिनमच्या पट्टीवर हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडून व्होल्टेज मोजलं जाऊ लागलं, तेव्हा समतुल्यता बिंदूपाशी, म्हणजे आम्ल आणि आम्लारी नेमकी एकमेकांना पुरतात तिथे, एकदम उडी घेणारा इंग्रजी ‘एस’सारखा वक्र कागदावर उतरला. म्हणजे अनुमापनाचा वक्र आधी आला आणि सामू नंतर. सुरुवातीला उभ्या अक्षावर व्होल्ट होते. याच दशकात अतिशुद्ध पाण्याची वाहकता मोजून पाण्याच्या आयनी गुणाकाराचा (हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींच्या गुणाकाराचा) विश्वासार्ह आकडाही मिळाला. तो नसता तर समतुल्यतेनंतरचा अर्धा वक्र मोजता आला असता, पण आकडेमोडीने काढता आला नसता.

१९०९ मध्ये कोपनहेगनमधल्या एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत विकरांवर काम चालू असताना हायड्रोजन आयनांच्या संहतीचे (दर लिटरमधल्या प्रमाणाचे) शून्यांनी भरलेले आकडे लिहिण्याचा कंटाळवाणा प्रश्न सुटला: संहतीचा लॉग घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. चिन्हातल्या ‘पी’ या अक्षराचा अर्थ काय यावर आजही वाद घातले जातात. खरं तर त्याने एकाही उत्तराचा दशांश बदलत नाही.

खरा वाद संहती या शब्दाचा आहे. इलेक्ट्रोड आयन मोजत नाही, तो आयनांच्या सक्रियतेला, म्हणजे प्रत्यक्षात परिणाम करणाऱ्या संहतीला, प्रतिसाद देतो. दाट द्रावणात आयन एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात सक्रियता संहतीच्या सुमारे ८० टक्केच भरते. ०.०८ चा लॉग घेतला की १.१० हाती येतात. १९२४ मध्ये, पहिल्या व्याख्येमागच्याच संशोधकाच्या सहभागाने, सामू सक्रियतेवर बसवण्यात आला आणि पुढची सगळी प्रमाण बफरं (मीटर कॅलिब्रेट करायची ठरलेल्या सामूची द्रावणं) त्याच आधारावर ठरली. पाठ्यपुस्तकांनी मात्र १९०९ ची व्याख्या सोडली नाही. शिकवायला ती सोपी आहे हे खरं. पण ‘सक्रियता बाजूला ठेवली आहे’ हे एक वाक्य न छापणं ही निव्वळ हलगर्जी आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा फरक लपून राहिला. काचेच्या पातळ फुग्याचा इलेक्ट्रोड १९०९ पासून माहीत होता, पण त्याचा विद्युतरोध इतका प्रचंड, की साध्या गॅल्व्हॅनोमीटरला काही कळेना. व्हॅक्यूम ट्यूबचं प्रवर्धक जोडलेली मीटरं विक्रीला आल्यावर टेबलाटेबलावर १.१० दिसू लागलं.

गंमत अशी की या वादाचा अंतिम वाचनावर परिणाम होत नाही. गणित मिलीमोलमध्येच (मोलॅरिटी गुणिले मिली) करावं. आम्ल २.५०० मिलीमोल. २४.०० मिली आम्लारी पडली, तर ०.१०० मिलीमोल आम्ल उरलं. त्याला ४९.०० मिलीने भागलं की ०.००२०४, सामू २.६९. सर्वाधिक चुका इथेच होतात: भागाकार जुन्या २५ मिलीने केला जातो आणि २.४० येतात. २४.९५ मिलीला सामू ४.००, २५.०० ला ७.००. २५.०५ ला जास्तीच्या हायड्रॉक्साइडवरून आधी ४.०० मिळतात, ते १४ मधून (२५ अंशांना आयनी गुणाकाराचा उलट्या चिन्हाचा लॉग) वजा करायचे विसरलं, तर समतुल्यतेपलीकडचं द्रावण आम्लधर्मी ठरतं. बरोबर उत्तर १०.००. दोन थेंबांत सहा एककं. सक्रियतेची दुरुस्ती २४.९५ चा आकडा सुमारे ४.१ करते, पण उडीची जागा हलवत नाही.

एवढ्या मोठ्या उडीत मिथिल ऑरेंज आणि फिनॉल्फ्थॅलिन दोन्ही चालतात, म्हणून ‘तीव्र-तीव्र असेल तर कुठलाही दर्शक’ हा तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीसाठीचा नियम रुजला. तो ०.१ मोलरपुरता खरा आहे. दोन्ही द्रावणं ०.००१ मोलर करा, आणि त्याच दोन थेंबांत सामू ६ वरून जेमतेम ८ वर जातो. मिथिल ऑरेंजचा रंग ४.४ ला पूर्ण बदलतो, म्हणजे समतुल्यतेच्या जवळपास २ मिली आधी. फिनॉल्फ्थॅलिन ९ च्या आसपास स्पष्ट गुलाबी होतं, म्हणजे अर्धा मिली उशिरा.

समतुल्यतेचे ७.०० हेही २५ अंश सेल्सिअसचेच. ६० अंशांना पाण्याचा आयनी गुणाकार वाढलेला असतो आणि उदासीन द्रावणाचा सामू ६.५ भरतो, द्रावण आम्लधर्मी झालेलं नसतं. खोलीच्या तापमानालाही मीटर पुष्कळदा ७ च्या खाली दिसतं, त्याला कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. उघड्या बाटलीतलं सोडियम हायड्रॉक्साइड तो शोषून कार्बोनेट बनवत राहतं, आणि गुलाबी रंग अर्ध्या मिनिटात विरतो. म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्यावं आणि हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी वजनावर न सोडता पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या तोलून घेता येणाऱ्या शुद्ध घन आम्लाशी अनुमापन करून त्याच दिवशी ठरवावी. रंग विरला म्हणून आणखी थेंब घालत बसू नये: समतुल्यता बिंदू आधीच येऊन गेलेला असतो.