‘अमेरिकन बँडस्टँड’ आणि ‘द डिक क्लार्क शो’: निवेदक एक, कार्यक्रम दोन

चबी चेकरने ‘अमेरिकन बँडस्टँड’वर ‘द ट्विस्ट’ गायले आणि पाहता पाहता सगळी अमेरिका ट्विस्ट नाचू लागली, असे रॉक अँड रोलच्या इतिहासावरील लेखांत वारंवार वाचायला मिळते. ट्विस्टची लाट आली हे खरेच आहे, परंतु ज्या प्रसारणाने ती देशभर पोहोचवली ते ६ ऑगस्ट १९६० चे प्रसारण बँडस्टँडचे नव्हते. ते ‘द डिक क्लार्क शो’ या दुसऱ्याच कार्यक्रमाचे होते. दोन्ही दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा निवेदक एक (डिक क्लार्क), वाहिनी एक (एबीसी), काळ एक आणि पाहुणे गायकही बव्हंशी तेच, त्यामुळे ही गल्लत होणे स्वाभाविक आहे. तरीही दोन्ही कार्यक्रमांची घडण इतकी वेगळी होती, की एकाची चित्रफीत दुसऱ्याच्या नावावर खपवली की त्या काळातील गायक आणि त्यांचा तरुण श्रोतृवर्ग यांच्या नात्याचे चित्रच बिघडते.

बँडस्टँड मूळचा फिलाडेल्फियाचा. तेथील डब्ल्यूएफआयएल या स्थानिक केंद्रावर १९५२ मध्ये बॉब हॉर्नने तो सुरू केला. मद्यपान करून गाडी चालवल्याच्या प्रकरणानंतर हॉर्नला जावे लागले आणि जुलै १९५६ मध्ये त्याच्या जागी डिक क्लार्क आला. ५ ऑगस्ट १९५७ पासून एबीसीने हा कार्यक्रम ‘अमेरिकन बँडस्टँड’ या नावाने देशभर दाखवायला सुरुवात केली. तो सोमवार ते शुक्रवार, दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास, मार्केट स्ट्रीटवरील स्टुडिओतून थेट प्रसारित होत असे. मुलांना कोट-टाय आणि मुलींना स्कर्ट किंवा झगा सक्तीचा होता. रेकॉर्ड वाजायची आणि मुले नाचायची, हाच कार्यक्रमाचा मुख्य ऐवज होता. मधूनच काही मुलांना नवी रेकॉर्ड ऐकवून ३५ ते ९८ या मर्यादेत गुण द्यायला सांगत. पाहुणा गायक येई, आपल्याच रेकॉर्डवर ओठ हलवी, क्लार्कशी दोन शब्द बोले, मुलांना स्वाक्षऱ्या देई आणि निघून जाई. रोज नाचायला येणारी काही मुले-मुली तर स्वतःच प्रसिद्ध झाली, त्यांना चाहत्यांची पत्रे येऊ लागली. घरी पाहणारे विद्यार्थी गायकाइतकेच, किंबहुना अधिकच, या नाचणाऱ्यांकडे पाहत होते, कारण नवी पावले आणि केशरचना त्यांच्याकडूनच शिकायच्या होत्या.

१९५७ च्या अखेरीस एबीसीने हाच कार्यक्रम सोमवारी संध्याकाळी अर्धा तास दाखवून पाहिला, पण तो तेथे रुजला नाही. संध्याकाळच्या वेळेला वेगळा साचा हवा होता आणि तो १५ फेब्रुवारी १९५८ रोजी ‘द डिक क्लार्क शो’च्या रूपाने आला. शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता, अर्धा तास, न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेलगतच्या ४४व्या रस्त्यावरील लिटल थिएटर या छोट्या नाट्यगृहातून हा कार्यक्रम होई. येथे नाचण्यासाठी मोकळी जमीन नव्हती. मुले खुर्च्यांवर बसलेली, समोर रंगमंच आणि त्यावर एकामागून एक गायक, अशी रचना होती. थोड्याच काळात बीचनट च्युइंगगम कंपनी प्रायोजक झाली आणि प्रेक्षकांच्या छातीवर तिच्या जाहिरातीतील ‘फ्लेव्हर-इफिक’ या शब्दाचे ‘इफिक’ हे शेपूट छापलेले बिल्ले झळकू लागले. कार्यक्रमाच्या शेवटी क्लार्क त्या आठवड्यातील पहिल्या दहा गाण्यांची यादी जाहीर करी. थोडक्यात, दुपारच्या कार्यक्रमात गायक मुलांच्या नाचघरात पाहुणा म्हणून येत असे, तर शनिवारी मुलेच गायकाच्या नाट्यगृहात पाहुणी होती.

या फरकाचे परिणाम गाण्याच्या सादरीकरणातही दिसतात. रेकॉर्डवर ओठ हलवण्याची पद्धत दोन्हीकडे होती. वादकांचा ताफा रोज बोलावणे खर्चिक होते, शिवाय मुलांना जी रेकॉर्ड दुकानातून विकत घ्यायची होती तीच जशीच्या तशी ऐकू येणे रेकॉर्ड कंपन्यांनाही सोयीचे होते. हिंदी-मराठी चित्रपट पाहून वाढलेल्या वाचकाला यात वावगे वाटणार नाही, मात्र आपल्याकडे नट दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवतो आणि तिकडे गायक स्वतःच्याच आवाजाची नक्कल करत होता, एवढा भेद ध्यानात ठेवावा. शनिवारच्या रंगमंचावर या पद्धतीला अपवादही घडले. पहिल्याच भागात जेरी ली लुईसने रेकॉर्डचा आधार न घेता पियानोवर बसून प्रत्यक्ष गायले. त्याच्यासारख्या वादक-गायकाला ओठ हलवायला लावणे म्हणजे त्याचे निम्मे अंग बांधून ठेवणे होते, हे ती चित्रफीत पाहिली की पटते. नाचघरात हे घडले असते तर मुले नाचायची थांबून त्याच्याकडेच पाहत राहिली असती आणि कार्यक्रमाचा हेतूच बाजूला पडला असता, असे मला वाटते.

वर्णभेदाच्या प्रश्नावर तर हा फरक सर्वांत बोलका आहे. बँडस्टँडवर कृष्णवर्णीय गायक येत होते, त्यांच्या रेकॉर्ड वाजत होत्या, परंतु १९५० च्या दशकात नाचणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुले जवळजवळ दिसत नसत. स्टुडिओ पश्चिम फिलाडेल्फियातील संमिश्र वस्तीत असूनही प्रवेशाचे नियम असे राबवले जात की ती मुले बाहेरच राहावीत. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलामुलींनी हातात हात घालून नाचणे ही गोष्ट दूरचित्रवाणीवर किती ज्वालाग्राही होती, याचा पुरावा एबीसीलाच १९५७ च्या उन्हाळ्यात मिळाला होता. बँडस्टँड देशभर दिसू लागला त्याच सुमारास रेडिओ-निवेदक अ‍ॅलन फ्रीडच्या ‘द बिग बीट’ या एबीसीवरील कार्यक्रमात चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय गायक फ्रँकी लायमन एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेकडील केंद्रांनी गहजब केला आणि तो कार्यक्रम लवकरच गुंडाळला गेला. याउलट ऑक्टोबर १९५८ मध्ये शनिवारचा कार्यक्रम अटलांटा येथे गेला, तेव्हा सॅम कुक संमिश्र प्रेक्षकांसमोर गायला. धमक्या आल्या, बंदोबस्त ठेवावा लागला, तरी कार्यक्रम पार पडला. शेजारी बसून गाणे ऐकणे आणि जोडीने नाचणे यांत त्या समाजाने केवढी दरी मानली होती, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर कळते.

मग शनिवारची चित्रफीत बँडस्टँडच्या नावावर का जाते? मुख्य कारण जतनाचे आहे. रोजच्या थेट कार्यक्रमाचे त्या दशकातील चित्रण फारच थोडे उरले आहे. साप्ताहिक कार्यक्रमाचे त्या मानाने पुष्कळ टिकले. माहितीपटांना १९५८ ते १९६० मधील गायक दाखवायचे असतात, हाती शनिवारचे चित्रण असते आणि लोकांच्या तोंडी नाव असते बँडस्टँडचे.

‘द ट्विस्ट’चे प्रकरण यात आणखी गुंतागुंतीचे आहे. मूळ गाणे हँक बॅलार्डचे होते आणि १९५९ मध्ये ते एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आले होते. १९६० च्या उन्हाळ्यात मुले त्यावर नाचू लागल्याचे पाहून क्लार्कने फिलाडेल्फियातील कॅमिओ-पार्कवे कंपनीला ते नव्याने ध्वनिमुद्रित करायला सुचवले आणि काम अर्नेस्ट इव्हान्स या तरुणाकडे आले. त्याच्या ‘चबी’ या टोपणनावाला ‘चेकर’ ही जोडही क्लार्कच्या पत्नीने सुचवलेली. म्हणजे गाण्याचा कानोसा नाचघरातून लागला, पण देशाला ते दिसले नाट्यगृहातून, आणि सप्टेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

एखादी चित्रफीत कोणत्या कार्यक्रमाची आहे हे ओळखायला प्रेक्षकांकडे पाहावे. खुर्च्यांच्या रांगा आणि छातीवर बिल्ले दिसले तर तो शनिवार. उभी, नाचणारी किंवा स्वाक्षरीसाठी गर्दी करणारी मुले दिसली तर बँडस्टँड. वार मात्र भरवशाचा नाही. शनिवारचा शो १० सप्टेंबर १९६० रोजी बंद झाला, पण १९६३ पासून बँडस्टँडच आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी होऊ लागला आणि १९६४ मध्ये त्याने लॉस एंजेलिसला मुक्काम हलवला. त्यामुळे ‘क्लार्कचा शनिवारचा कार्यक्रम’ एवढाच उल्लेख कोठे आढळला, तर आधी वर्ष पाहावे.