अश्वगंधा घेताय? डबा उघडण्याआधी हे वाचा

आधी लेबल बघा, त्यावर 'चूर्ण' लिहिलंय की 'एक्स्ट्रॅक्ट'. हे सगळ्यात वर लिहितोय कारण गडबड नेमकी इथेच होते. चूर्ण म्हणजे मूळ वाळवून दळलेलं, ते साधारण रोज ३ ते ६ ग्रॅम घेतात. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे त्याच मुळाचा अर्क, बराच तीव्र, त्याच्या बहुतेक अभ्यासात दिवसाला ३०० ते ६०० मिलीग्रॅमच दिलेलं आहे. आमचे एक ग्राहक चूर्णाच्या सवयीने एक्स्ट्रॅक्टचा चहाचा चमचा भरून दुधात टाकायचे, आम्ही तसाच चमचा काट्यावर तोलला तर अडीच ग्रॅम भरला! चार दिवस जुलाब आणि दिवसभर गुंगी, तरी फोनवर म्हणत होते की वनस्पतीच आहे, तिने काय होणार. फार वाईट वाटलं, कारण लेबलवरचं अक्षर बारीक होतं, म्हणजे चूक आमचीही होतीच. आता मोजायचा छोटा चमचा डब्यातच देतो, तोच वापरा.

डबा उघडल्यावर उग्र वास येईल, माल खराब झालाय असं समजू नका. घोड्यासारखा वास येतो म्हणूनच तर हे नाव पडलं. ताण सोसायला मदत करतात असं मानल्या जाणाऱ्या अशा वनस्पतींना 'अ‍ॅडाप्टोजेन' म्हणतात, तो शब्द मात्र अलीकडचा, १९४७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेव्ह यांनी काढलेला.

आता स्ट्रेसचं. कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन असतं, ते काही अभ्यासात अश्वगंधेने कमी झालेलं दिसलंय, झोपही थोडी सुधारलेली दिसलीये, पण हे अभ्यास छोटे आणि बहुतेक ८ ते १२ आठवड्यांचे आहेत. म्हणून आज घेतलं आणि उद्या सकाळी मन शांत असं होत नाही, दोनेक महिने तरी बघावं लागतं, आणि तीन महिन्यांच्या पुढे सलग घेऊ नका असंच आम्ही सगळ्यांना सांगतो. पॅनिक अटॅक येत असतील, रात्र रात्र झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर हा डबा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, थांबू नका. आणि अँक्झायटीची चालू असलेली गोळी आमच्या चूर्णाच्या भरवशावर बंद करू नका, प्लीज.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर घेऊच नका. थायरॉइड हार्मोन वाढलेलं असेल, लिव्हरचा आजार असेल, ल्युपससारखा ऑटोइम्यून त्रास (म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असेल किंवा प्रोस्टेट कॅन्सर असेल तरीही नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर खास लक्ष द्या, अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, मग गोळी तीच असली तरी डोस जास्त झाल्यासारखं होतं आणि छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होतं. झोपेच्या गोळ्या, शुगर आणि बीपीची औषधं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यातलं काहीही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून मगच. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद.

सुरुवात अर्ध्या डोसने, जेवणानंतर, शक्यतो रात्री, म्हणजे सुस्ती आली तरी गाडी चालवायची नसते. पोट बिघडलं, मळमळलं तर दोन दिवस घेणं थांबवून बघा.

लिव्हरचं वेगळं सांगतो. क्वचित होतं, पण होतं, काही लोकांना अश्वगंधेने कावीळ झाल्याची नोंद आहे. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला नुसतीच खाज सुटली, पुरळ काहीच नाही, तर त्याच दिवशी घेणं बंद आणि लिव्हरची रक्ततपासणी. हे बहुतेकदा सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसतं आणि बंद केल्यावर बहुतेक लोक बरे होतात, पण अंगावर काढू नका.

डॉक्टरांकडे जाताना डब्याच्या चारही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य सक्रिय घटक) किती टक्के तेही त्यात दिसू द्या, नुसतं 'काहीतरी आयुर्वेदिक घेतो' म्हटलं की त्यांना काहीच कळत नाही.