दंड कशावर मोजायचा? परदेशी टेक कंपन्यांवरील कारवाईची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोग या नियामकाने बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल आठवडाभरात गूगलला दोन दंड ठोठावले: अँड्रॉइडसाठी १,३३७.७६ कोटी रुपये आणि प्ले स्टोअरच्या बिलिंगसाठी ९३६.४४ कोटी. अशी कारवाई झाली की ती राजकीय हेतूने केल्याचा आरोप ठरल्यासारखा येतो. २०१८ मध्ये युरोपने गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर थयथयाट केला होता. गंमत म्हणजे त्यांच्याच सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला.

भारतातल्या नोंदी या आरोपाला फारसा आधार देत नाहीत. २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सहा हजार कोटींहून जास्त दंड झाला, त्यातल्या बहुतेक देशीच होत्या. २०१४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांच्या प्रकरणात एकट्या टाटा मोटर्सला १,३४६.४६ कोटींचा दंड झाला, म्हणजे अँड्रॉइडच्या दंडाहून किंचित जास्तच. गूगल सर्चची तक्रार २०१२ ची. ती एका विवाह-संकेतस्थळाच्या कंपनीने आणि एका ग्राहक संघटनेने केली होती. दंड झाला २०१८ मध्ये. मधल्या काळात दिल्लीतलं सरकारही बदललं होतं.

खरा गुंता आहे तो उलाढालीचा. दंड उलाढालीच्या टक्क्यांत ठरतो. पण कोणत्या उलाढालीच्या? हा वाद सुरू झाला तो टेक कंपन्यांमुळे नव्हे, तर गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांवरून. सरकारी निविदेत संगनमत केल्याबद्दल तीन कंपन्यांना एकूण उलाढालीच्या ९ टक्के दंड झाला होता. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही इतरही बरंच काही विकतो, त्या सगळ्यावर दंड का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि फक्त संबंधित मालाची उलाढाल धरायची असं ठरलं. गोळ्यांसाठी हे सरळ होतं. अँड्रॉइड तर फोन कंपन्यांना फुकट मिळतं. त्याची संबंधित उलाढाल किती? नियामकाने जाहिरातींसह भारतातला सगळा व्यवसाय एकच परिसंस्था मानला. मला हा युक्तिवाद पटतो, कारण फुकट देण्यामागचा हिशोब जाहिरातींतच वसूल होतो. पण प्ले स्टोअरच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने तो मानला नाही.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने पारडं पुन्हा फिरवलं. मार्च २०२४ पासून उलाढाल म्हणजे सर्व वस्तू-सेवांची जागतिक उलाढाल. दंडाची सुरुवात अजूनही संबंधित उलाढालीपासूनच होते, पण कमाल मर्यादा जागतिक उलाढालीच्या १० टक्के. कायद्यात देशी-परदेशी असा भेद कुठेही नाही. तरीही फक्त भारतात आणि एकाच प्रकारचा माल विकणाऱ्या कंपनीला या बदलाने फारसा फरक पडत नाही आणि अॅपलसारख्या कंपनीची मर्यादा कैक पटींनी वर जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅपल दिल्ली उच्च न्यायालयात गेली ती याच तरतुदीविरुद्ध. आपल्याला ३८ अब्ज डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असं तिचं म्हणणं. युरोपातही १० टक्क्यांची मर्यादा जागतिक उलाढालीवरच आहे आणि ती बरीच जुनी आहे, हे या ओरड्यात सहसा कोणी सांगत नाही.

राजकारण शोधायचंच असेल तर दंडाच्या आकड्यापेक्षा चौकशी कधी सुरू झाली आणि कधी थांबली, ते पाहावं. चीनने गूगलविरुद्ध चौकशी जाहीर केली ४ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेचं नवं आयातशुल्क लागू झालं त्याच दिवशी. सप्टेंबरमध्ये व्यापार वाटाघाटी सुरू असताना ती गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. तिथे तक्रारदार कोण, असा प्रश्नही कोणी विचारला नाही.

भारताबाबत असा संशय घ्यायला एक जागा आहे. मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, अमेरिकेशी व्यापार करार घाटत असताना, परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्के कर रद्द करण्याला लोकसभेने मंजुरी दिली आणि त्याच आठवड्यात प्ले स्टोअरचा दंड २१६.६९ कोटींवर आला. कर रद्द होणं राजकीय होतं, यात मला शंका नाही. दंडातली कपात मात्र निकालातच मांडलेल्या हिशोबाने झाली: उलाढाल फक्त प्लेची धरली.