बावीस शब्दांची प्रार्थना आणि झेंड्याशेजारचा देव

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातून देशाला आवाहन केलं: स्वातंत्र्याला २५० वर्षं होत आहेत, देशासाठी प्रार्थना करा. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. 'ते ख्रिस्ती राष्ट्रच आहे, त्यात नवल काय?' ही एक आणि 'धर्म आणि शासन वेगळं ठेवा असं जगाला सांगणारे हेच का?' ही दुसरी. दोन्हीकडे एक गोष्ट धरून चाललेली असते, की हे सगळं तिथे पहिल्यापासून असंच चालत आलंय. प्रार्थना जुनी आहे आणि देशप्रेमही जुनं आहे. पण शाळेत रोज सकाळी दोन्ही एका दमात म्हणायची जी रीत आज 'परंपरा' म्हणून सांगितली जाते, तिची घडण बरीचशी विसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. सरकारी फर्मानाने ती घडली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत न्यायालयाने तिचा अर्धा भाग काढूनही घेतला.

त्याआधीचा इतिहास इथे थोडक्यातच. ७ सप्टेंबर १७७४ रोजी फिलाडेल्फियात पहिल्या काँटिनेंटल काँग्रेससमोर, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेसमोर, एका अँग्लिकन पाळकाने स्तोत्रसंहितेतलं ३५वं स्तोत्र वाचलं आणि उत्स्फूर्त प्रार्थना केली. या प्रसंगाची चित्रं आजही भक्तीच्या पुस्तकांत छापली जातात. तीन वर्षांनी, ब्रिटिशांनी शहर घेतल्यावर, याच पाळकाने सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनना पत्र लिहून स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्यायला लावा अशी विनवणी केली आणि नंतर तो इंग्लंडला निघून गेला. हा भाग चित्राखाली छापलेला सहसा आढळत नाही. १७७५मध्ये काँग्रेसने उपास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला, १८६३मध्ये यादवी युद्धाच्या ऐन भरात पुन्हा तसा दिवस पाळला गेला. संकट आलं की देवापुढे गुडघे टेकायचे, अशी ही पद्धत. ती नैमित्तिक होती.

रोजची प्रार्थना होती ती घरात आणि शाळेत. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक सरकारी शाळांत दिवसाची सुरुवात शास्त्रपाठाने होई आणि बायबल असे प्रोटेस्टंटांचं, किंग जेम्स भाषांतराचं. कॅथलिक मुलांना आपलं बायबल वाचू द्यावं, अशी मागणी फिलाडेल्फियाच्या बिशपांनी केली. तिचा विपर्यास 'कॅथलिकांना शाळेतून बायबलच काढायचंय' असा झाला आणि १८४४मध्ये त्या शहरात दंगली पेटल्या. माणसं मारली गेली, कॅथलिक चर्चं जाळली गेली. 'पूर्वी शाळेत सगळे मिळून प्रार्थना करायचे' असं आज कुणी हळवं होऊन सांगू लागलं, की मला हे साल आठवतं.

झेंड्याची शपथ या सगळ्यापासून वेगळी जन्मली. ८ सप्टेंबर १८९२ रोजी मुलांच्या एका साप्ताहिकात ती छापून आली, कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाली त्या निमित्ताने. लिहिणारा गृहस्थ बॅप्टिस्ट पाळक होता, विचाराने समाजवादी. गंमत म्हणजे या पाळकाच्या शपथेत देवाचा उल्लेखच नव्हता. शपथ म्हणताना मुलं उजवा हात झेंड्याच्या दिशेने सरळ ताणत. हिटलरच्या सभांची छायाचित्रं घरोघरी पोचल्यावर ते दृश्य डोळ्यांना खुपू लागलं आणि डिसेंबर १९४२मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, हात छातीवर आणला.

ही शपथ न म्हणणारी पहिली ठळक माणसं नास्तिक नव्हती, कडवी भाविक होती. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना झेंड्याला सलाम म्हणजे मूर्तिपूजा वाटे. त्यांच्या मुलांना शाळेतून काढलं जाई. १९४०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांची बाजू घेतली आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांत न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला: मुलाला सलामाची सक्ती करता येणार नाही. तारीख होती १४ जून, म्हणजे नेमका ध्वजदिन. ही तारीख पुढेही भेटणार आहे.

दरम्यान घरातली भक्ती छापील झाली होती. नॅशव्हिलहून १९३५पासून निघणारी मेथडिस्टांची मननपुस्तिका मोठ्या प्रमाणावर खपू लागली होती: दिवसाला एक पान, त्यावर एक वचन, एक छोटा अनुभव, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. महायुद्धात सैनिकांना खिशात मावणारा नवा करार मिळे, आत राष्ट्राध्यक्षांचं शिफारसपत्र. छातीवरच्या खिशात ठेवायची पोलादी पत्र्याच्या वेष्टनाची आवृत्तीही निघाली होती.

६ जून १९४४च्या रात्री, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष रेडिओवर आले ते भाषण न करता प्रार्थना वाचायला. लोकांना घरी बरोबरीने म्हणता यावी म्हणून तिचा मजकूर वर्तमानपत्रांना आधीच दिलेला होता. त्यात एक वाक्य महत्त्वाचं आहे. प्रार्थनेचा एक खास दिवस जाहीर करा असा अनेकांचा आग्रह होता, पण वाट लांबची आहे, तेव्हा रोज उठताना आणि दिवस संपताना ओठांवर प्रार्थना असू द्या, असं त्यांनी सांगितलं. नैमित्तिकाची नित्य झाली ती इथे, असं मी मानतो.

युद्ध संपलं, शत्रू बदलला. आता समोर 'देव न मानणारा' साम्यवाद होता आणि देव मानणं हेच देशप्रेमाचं ओळखपत्र ठरू लागलं. १९५२मध्ये राष्ट्रीय प्रार्थना दिनाचा कायदा झाला. १९५३मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हजेरीतली प्रार्थना-न्याहारी सुरू झाली, तीही वॉशिंग्टनच्या एका बड्या हॉटेलात. १९५५मध्ये सगळ्या नाण्यानोटांवर 'आमचा देवावर भरवसा आहे' हे वचन सक्तीचं झालं. नाण्यावर ते १८६४मध्येच आलं होतं, नोटांवर मात्र १९५७पासून दिसू लागलं. मधल्या काळात, १९५६मध्ये, तेच राष्ट्राचं बोधवाक्य ठरलं.

या सगळ्यात शपथेतला बदल रोजच्या जगण्यात सर्वांत खोल गेला. ७ फेब्रुवारी १९५४ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये स्कॉटलंडहून आलेल्या पाळकाने उपदेश केला. राष्ट्राध्यक्ष समोरच्या बाकावर होते, लिंकन बसायचे त्याच. पाळकांचा मुद्दा साधा होता: आपल्या मुलांची शपथ देशाचं नाव बदलून मॉस्कोतल्या मुलांनीही जशीच्या तशी म्हणावी, अशी आहे. मग तिच्यात अमेरिकी असं काय उरलं? चार महिन्यांत कायदा झाला आणि 'देवाच्या छत्राखाली' अशा अर्थाचे दोन शब्द शपथेत आले. सही झाली १४ जूनला. देशातली लाखो मुलं यापुढे शहरांत आणि खेड्यांतल्या शाळांत रोज राष्ट्र परमेश्वराला अर्पण असल्याचं जाहीर करतील, असं राष्ट्राध्यक्ष सही करताना म्हणाले. साठ वर्षं देवाविना चाललेली शपथ एका पिढीत 'मुळापासून अशीच' झाली.

आता मुख्य गोष्ट. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने १९५१मध्ये शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली. प्रोटेस्टंट पाळक, कॅथलिक धर्मगुरू आणि रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू यांच्याकडून तपासून घेतलेली. मूळ इंग्रजीत मोजून २२ शब्द: हे सर्वसमर्थ देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत हे मान्य करतो आणि आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि आमच्या देशावर तुझा आशीर्वाद मागतो. येशूचं नाव नाही, क्रूस नाही, पाप-तारण काही नाही. कुणाला टोचू नये म्हणून एकेक काटा काढत नेलेला हा मजकूर शेवटी असा झाला, की मनापासून प्रार्थना करणाऱ्यालाही तो पाणचट वाटावा. शेवटचा शब्द मात्र 'देश'.

ती वापरायची सक्ती राज्याने केली नव्हती. लाँग आयलंडवरच्या एका शाळा मंडळाने १९५८मध्ये ठरवलं, की रोज सकाळी झेंड्याला सलाम झाला की लगेच ही प्रार्थना व्हावी. आपल्याकडच्या परिपाठाचीच ही रचना: आधी प्रतिज्ञा, पाठोपाठ प्रार्थना. ज्याला नको त्याने गप्प उभं राहावं किंवा पालकांची चिठ्ठी आणून बाहेर जावं, अशी मुभा होती. पाच कुटुंबं न्यायालयात गेली. त्यांत ज्यू होते, देवाचं त्रैक्य न मानणारे युनिटेरियन होते, देव न मानणारेही होते. राज्यातली न्यायालयं म्हणाली, सक्ती नाही ना, मग हरकत नाही.

२५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी उलट निकाल दिला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अलाबामाचे, पूर्वी बॅप्टिस्ट रविवारच्या शाळेत शिकवणारे. प्रार्थना वाईट आहे असं ते कुठेच म्हणत नाहीत. उलट इंग्लंडमध्ये सरकारी प्रार्थनापुस्तकावरून झालेल्या भांडणांचा इतिहास सांगून ते म्हणतात, की लोकांनी म्हणायच्या प्रार्थना रचून देणं हे सरकारचं कामच नव्हे. सक्ती होती की नाही, याने फरक पडत नाही.

वाद पेटला तो इथे, आणि माझ्या मते निकालाचा सर्वांत अडचणीचा भाग तळटीपेत आहे. तिथे म्हटलंय, की स्वातंत्र्याची घोषणा पाठ म्हणणं किंवा देवाचा उल्लेख असलेली राष्ट्रीय गीतं गाणं यांना हा निकाल लागू नाही, कारण ते देशभक्तीचे प्रसंग आहेत, उपासना नव्हे. म्हणजे त्या वर्गात लागोपाठ दोनदा देवाचं नाव घेतलं जात होतं. शपथेतलं नाव देशभक्ती ठरून राहिलं, नंतरच्या प्रार्थनेतलं नाव उपासना ठरून गेलं. एकमेव विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवलं: आमच्या न्यायालयाचं कामकाजसुद्धा देवाच्या नावाच्या पुकाऱ्याने सुरू होतं, त्याचं काय? मला निकाल पटतो, तळटीप पटत नाही. देवाचं नाव देशासाठी वापरलं की ते निरुपद्रवी होतं, असा तिचा अर्थ निघतो आणि खरं तर भाविकांनी त्याचाच राग धरायला हवा होता.

त्यांनी राग धरला तो निकालाचा. न्यूयॉर्कच्या कार्डिनलांपासून दक्षिणेतल्या खासदारांपर्यंत सगळे संतापले. काहींनी आठ वर्षांपूर्वीच्या वर्णभेदविरोधी निकालाशी त्याची सांगड घातली. खटला करणाऱ्यांपैकी एकाच्या घरासमोर धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला. बॅप्टिस्ट आणि ज्यू संघटनांतल्या बऱ्याच जणांनी निकालाचं स्वागत केलं होतं, हे त्या गदारोळात विरून गेलं. राष्ट्राध्यक्ष, स्वतः कॅथलिक, एवढंच म्हणाले, की उपाय सोपा आहे, आपण घरी जास्त प्रार्थना करू. प्रतिनिधिगृहाने त्याच वर्षी अध्यक्षांच्या आसनामागे 'आमचा देवावर भरवसा आहे' हे शब्द लावून घेतले.

पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या शाळेचा खटला आला. तिथे सकाळी लाऊडस्पीकरवर बायबलच्या दहा ओव्या, मग प्रभूची प्रार्थना, मग झेंड्याला सलाम असा क्रम होता. आठ विरुद्ध एक मतांनी पहिल्या दोन गोष्टी गेल्या, तिसरी राहिली. शाळेतली प्रार्थना परत आणण्यासाठी घटनादुरुस्तीचे प्रयत्न १९६६ आणि १९८४मध्ये सिनेटमध्ये झाले. दोन्ही वेळा साधं बहुमत होतं, दोन-तृतीयांश नव्हतं.

यापुढे भक्तीने वाट बदलली. सप्टेंबर १९९०मध्ये टेक्सासमधून एक प्रथा निघाली: शाळा भरण्याआधी मुलांनी स्वतःहून ध्वजस्तंभाभोवती गोल करून प्रार्थना करायची. शिक्षक नाहीत, लाऊडस्पीकर नाही, त्यामुळे न्यायालयाला हरकत नाही. जागा निवडली ती मात्र झेंड्याखालची. दर सप्टेंबरातल्या चौथ्या बुधवारी हे चालतं. २००१च्या हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्षांसाठी रोज प्रार्थना करणाऱ्यांना ईमेलने विषय पाठवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पुढे ते काम मोबाइलवर आलं. घरात, खासगी पडद्यावर, राष्ट्र आणि देव किती एकत्र करावेत याला घटनेची काहीच आडकाठी नाही. मननपुस्तिकेच्या पानावर आता वचनाखाली संस्थापकांचं एखादं अवतरण असतं, तेही कित्येकदा संशयास्पद.

शपथेतल्या दोन शब्दांनाही आव्हान मिळालं. २००२मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका नास्तिक बापाच्या बाजूने निकाल लागला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये त्याला दावा करण्याचा अधिकारच नाही म्हणून प्रकरण निकाली काढलं. मूळ प्रश्नाला हात न लावता. तारीख पुन्हा १४ जून. २०१५मध्ये न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयानेही हे शब्द कायम ठेवले. एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी घरांतली मुलं रोज सकाळी छातीवर हात ठेवून तीच शपथ म्हणतात, आणि ती न म्हणण्याचा हक्क १९४३पासून आपल्याला आहे हे त्यांच्या आईवडिलांना क्वचितच ठाऊक असतं.

२०२२मध्ये मैदानावर सामन्यानंतर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला आणि वारं फिरलं. २०२४मध्ये तेव्हाच्या माजी राष्ट्राध्यक्षांनी ५९.९९ डॉलरच्या एका बायबलचा पुरस्कार केला. त्यात राज्यघटना, स्वातंत्र्याची घोषणा आणि शपथ एकाच बांधणीत होती. छपाई चीनमध्ये, प्रत पडली तीन डॉलरपेक्षा कमीला, असं वृत्तसंस्थांनी कागदपत्रांवरून दाखवलं. त्याच वर्षी ओक्लाहोमाच्या शिक्षण खात्याने वर्गांसाठी बायबलची निविदा काढली, तिच्यातही सुरुवातीला याच कागदपत्रांची अट होती. टीका झाल्यावर ती सैल केली गेली.

टेक्सासचा २०२५चा कायदा जास्त सावध आहे. शाळा मंडळांनी प्रार्थनेचा तास ठेवायचा की नाही यावर मतदान करायचं. ठेवला तर पालकांची लेखी संमती घ्यायची, तो शिकवण्याच्या वेळेत घ्यायचा नाही आणि लाऊडस्पीकर वापरायचा नाही. मजकूरही राज्य पुरवत नाही. १९६२ आणि १९६३चे निकाल समोर ठेवून, त्यांतल्या एकेका आक्षेपावर फुली मारत हा मसुदा तयार केलाय, हे वाचताना लक्षात येतं.